मार्चमध्ये मावत नाहीत इतके दिवस

१४ मार्च २०२५ चा शुक्रवार आठवा. त्या दिवशी महाराष्ट्रात धुळवड होती. गणिताच्या जगात तो पाय दिवस होता, कारण महिना आधी आणि तारीख नंतर लिहिली की तीन-चौदा होतात. विषुवदिनाच्या आधीचा शुक्रवार म्हणून तोच जागतिक निद्रा दिनही होता. आणि नागपूरकरांसाठी ती सुरेश भटांची पुण्यतिथी होती; मराठी गझल घराघरात पोचवणारे भट १४ मार्च २००३ ला गेले. रंग, वर्तुळ, झोप आणि गझल, अशी एका तारखेला चार बोलावणी. सकाळी रंग खेळून, दुपारी रश्श्यावर ताव मारून, मग ताणून देऊन आणि संध्याकाळी भटांच्या गझला लावून कुणी तो दिवस घालवला असेल, तर त्याने यजमानांचा मान राखला असं मी म्हणेन.

ही पुस्तिका मार्च महिन्यातल्या अशा दिवसांची आहे. तिच्यात सण आहेत, जत्रा आहेत, संयुक्त राष्ट्रांनी ठराव करून नेमलेले दिवस आहेत आणि कुणीही न नेमता आपण सारे पाळतो असेही आहेत. मार्चच का, असं विचारलं जाईल. फाल्गुन बहुधा मार्चमध्येच असतो, चैत्र कधी त्यात शिरतो तर कधी त्याच्या उंबऱ्यावर थांबतो, शाळांच्या परीक्षा असतात, सरकारचं वर्ष संपतं आणि विदर्भात ऊन तापू लागतं. एवढी गर्दी दुसऱ्या कुठल्या महिन्यात नाही.

ही पुस्तिका काढणारं आमचं मनीषनगर नागपुरातल्या महाल-इतवारीसारखं जुनं नाही. जुन्या नागपुरात १८८१ पासून काळी आणि १८८५ पासून पिवळी मारबत निघते, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा हाकलायला अख्खं शहर रस्त्यावर येतं. आमच्याकडे असं वडिलोपार्जित काही नाही. वर्धा रोडला लागून, रेल्वेलाइनच्या अलीकडे-पलीकडे प्लॉट पडत गेले, घरं उभी राहिली, मग घरांच्या जागी फ्लॅट आले. फाटक उघडण्याची वाट पाहत मालगाडीचे डबे मोजणारी पिढी आता वरच्या पुलावरून किंवा खालच्या भुयारी रस्त्याने जाते, आणि उज्ज्वलनगरला मेट्रो थांबते. मात्र एका जिन्यात यवतमाळचं घर, त्यावर गोंदियाचं, समोर छिंदवाड्याचं, आणि नोकरीच्या निमित्ताने आलेलं एखादं नाशिकचं किंवा रत्नागिरीचं, अशी इथली वस्ती आहे. प्रत्येकाने आपापला फाल्गुन बांधून आणलेला. ही पुस्तिका त्या गाठोड्यांतून निघाली आहे. लिफ्टशेजारच्या फळ्यावर कुणीतरी रोजचा दिनविशेष लिहायचं, त्याखाली दुसरं कुणीतरी ‘आमच्या गावी तर…’ म्हणून भर घालायचं, आणि पोट्टे त्यावर चित्रं काढायचे. ते सगळं पुसलं जाऊ नये, एवढीच सुरुवातीची इच्छा होती.

गाठींवरूनच पाहा. पुण्या-नाशिककडच्या घरात साखरेची गाठी पाडव्याला गुढीवर चढते. आमच्या विदर्भात ती होळीलाच लहान मुलांच्या गळ्यात असते, आणि बाळाची पहिली होळी असेल तर आजोळाहून गाठी आल्याशिवाय घरातल्या बायांचं समाधान होत नाही. एकाच मजल्यावरच्या दोन घरांत त्यामुळे एकच पदार्थ दोन वेगळ्या दिवशी येतो. मुलांची चंगळ होते. शेणाच्या चाकोल्यांचंही तसंच. गावाकडे होळीच्या आधी आठवडाभर मुलं शेणाच्या लहान चकत्या थापून, मधे भोक पाडून वाळवतात, त्यांच्या माळा ओवतात आणि होळीला वाहतात. फ्लॅटमध्ये शेण कुठून आणायचं? बेसा-पिपळ्याकडून कुणी माळा विकायला आणल्या तर त्या हातोहात जातात. चाकोल्यांच्या होळीला लाकूड कमी लागतं, झाडं वाचतात, म्हणून होळीच्या पानावर आम्ही चाकोल्या कशा करायच्या ते सविस्तर दिलं आहे. रंगासाठी पळसाची कृतीही दिली आहे. मार्चमध्ये नागपूरच्या बाहेर कुठल्याही रस्त्याला लागलं की पानं झडलेला पळस केशरी फुलांनी पेटलेला दिसतो. खाली पडलेली फुलं रात्रभर भिजवून उकळली की पिवळा-केशरी रंग उतरतो. झाडावरची फुलं तोडू नयेत, कारण पक्षी त्यांच्यावर जगतात.

होळीच्या चालीरीतींमध्ये माझं मन सगळ्यात जास्त रमलं ते बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या विडा या गावात. या गावात धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते. ही रीत ऐंशी-नव्वद वर्षांची आहे. एरवी महाराष्ट्रात जावई म्हणजे सासुरवाडीचा देव. अधिक महिन्यात त्याला चांदीच्या ताटात अनारसे, दिवाळीला अंगठी, आणि बसायला नेहमी भिंतीजवळची ऐसपैस जागा. विड्यात वर्षातून एक दिवस या देवाला खाली उतरवतात आणि गाढवावर चढवतात. सण जवळ आला की गावातले जावई निसटायला बघतात, मंडळी त्यांच्यावर नजर ठेवतात, परगावी गेलेल्याला शोधून आणतात. रंग, वाजंत्री, गावभर फेरी. आणि फेरी संपली की गावकऱ्यांच्या वर्गणीतून त्याच जावयाला नवे कपडे आणि सोन्याची अंगठी. जावयाचा मान आधी काढून घ्यायचा आणि मग दुप्पट करून परत द्यायचा, ही सुबुद्धी ज्या कुणाला पहिल्यांदा सुचली त्याला माणसं कळत होती. वर्षभर मान घेणाऱ्याने एक दिवस हसू सोसावं, म्हणजे उरलेल्या दिवसांचा मान कुणाला बोचत नाही.

नाशिकच्या पानासाठी खालच्या मजल्यावरच्या नाशिककर काकूंनी एवढं सांगितलं की त्यांचं वेगळं पुस्तक होईल. नाशिकमध्ये धुळवडीला वीर नाचवतात: देव्हाऱ्यातले पूर्वजांचे टाक गोदावरीवर नेऊन न्हाऊ घालतात, घरची मुलं देवादिकांचे वेश घेऊन मिरवतात, आणि दाजीबा वीराच्या मिरवणुकीला नवस फेडणाऱ्यांची रीघ लागते. खरा रंग मात्र पाच दिवसांनी, रंगपंचमीला. जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी आहेत, म्हणजे रस्त्याच्या पोटात बांधलेले दगडी हौद. वर्षभर त्या माती आणि फळ्यांखाली झाकलेल्या असतात, वरून माणसं आणि गाड्या जातात. रंगपंचमी आली की माती उपसतात, रहाडीची पूजा होते आणि ती रंगीत पाण्याने भरतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तो दुसरी घेत नाही. मग काठावरून आत उडी. तिला धप्पा म्हणतात, आणि धप्पा जितका जोरात तितकं काठावरच्यांवर पाणी उडतं. काकू सांगत होत्या, “आमच्या बाबांनी धप्पा मारला की रंग दोन दिवस अंगावरून जात नसे, आणि तो जाऊ नये असंच त्यांना वाटायचं.” संध्याकाळनंतर रहाड पुन्हा झाकली जाते आणि वर्षभर तिच्यावरून शहर चालत राहतं. नाशिककरांनी रस्ते रुंद केले, पेठा बदलल्या, पण सगळ्याच रहाडी बुजवून टाकल्या नाहीत, याचं मला फार कौतुक वाटतं.

त्याच रंगपंचमीला सातारा जिल्ह्यात वाईजवळच्या बावधनला भैरवनाथाचं बगाड निघतं. होळीपौर्णिमेला कौल लावून बगाड्या निवडतात आणि उंच शिडाला टांगलेल्या त्या माणसासह बगाडाचा गाडा बैल ओढत आणतात. कोकणात पालख्या घरोघर हिंडतात, संकासूर पोरांना पळवतो. मेळघाटात कोरकू माणसं कामासाठी कुठेही गेलेली असोत, होळीला गावी परततात, आणि पुढचे काही दिवस रस्त्यावर नाचत, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून फगवा मागतात. चिखलदऱ्याच्या वाटेवर अशा घोळक्याने गाडी अडवली तर काच खाली करावी आणि हसून फगवा द्यावा, अशी या पुस्तिकेची आग्रहाची विनंती आहे.

तुकाराम बीज मुद्दाम वेगळ्या पानावर घेतली आहे. फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूमध्ये दुपारी बाराला हजारो माणसं नांदुरकीच्या झाडाकडे डोळे लावून उभी असतात. तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या त्या घटकेला झाड थरथरतं अशी श्रद्धा आहे, आणि तो क्षण येताच सगळे फुलं उधळतात. पान हललं की नाही यावर कुणी वाद घालत नाही. एका झाडाखाली एवढी माणसं एका वेळी श्वास धरून उभी राहतात, हे मला पुरेसं आहे.

आता नेमलेल्या दिवसांकडे येऊ. ते हल्ली फार झाले आहेत. अमेरिकेत मिशिगनमध्ये चेस बंधूंनी १९५७ साली अशा दिवसांची सूची छापायला सुरुवात केली आणि ती वर्षागणिक फुगत गेली. बिस्किटाचा दिवस, मोज्यांचा दिवस, शेजाऱ्याच्या मांजराचा दिवस, काहीही निघू शकतं. सकाळी फोन उघडला की पंधरा शुभेच्छा येऊन पडलेल्या असतात आणि संध्याकाळी त्यांतली एकही आठवत नाही. पुस्तिकेसाठी निवड करताना आम्ही एकच कसोटी लावली. दिवस घोषित कुणी केला हे पाहायचं नाही. त्या दिवशी हाताला काही काम आहे का, आणि ते काम शेजारच्या दारापर्यंत नेतं का, एवढंच पाहायचं. रहाड उपसावी लागते, गाढव शोधून आणावं लागतं, चाकोल्या थापाव्या लागतात. म्हणून ते दिवस जगले. ज्या दिवसाला नुसता संदेश पुढे ढकलायचा असतो, तो दिवस मावळतीला संपतो.

या कसोटीवर बल्गेरियाचा १ मार्च पहिल्याच फटक्यात उतरला आणि पुस्तिकेचं पहिलं पान त्याला मिळालं. तिथे मार्च महिना ही एक आजी आहे, मार्ता आजी, लहरी आणि तापट. तिने रागावून पुन्हा थंडी आणू नये म्हणून लोक एकमेकांच्या मनगटावर लाल-पांढरा धागा बांधतात. तो काढायचा केव्हा? पहिला करकोचा किंवा पाकोळी दिसली, किंवा मोहरलेलं झाड दिसलं की. मग धागा त्या झाडाच्या फांदीला बांधून टाकायचा. २०१७ साली युनेस्कोने बल्गेरिया, रुमानिया, मोल्दोव्हा आणि उत्तर मॅसिडोनिया यांच्या या प्रथेची सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. धागा हातात असला की माणूस आकाशाकडे आणि झाडांकडे बघत हिंडतो, हे मला त्यातलं सगळ्यात सुंदर वाटतं. आमच्याकडे करकोच्याची वाट पाहायची गरज नाही. पळस, पांगारा आणि काटेसावर तोवर फुललेलीच असतात. मुलांनी धागा बांधावा आणि तिन्ही झाडं ओळखून आल्यावरच सोडावा, अशी सूचना त्या पानावर आहे.

पाय दिवसाचं पान आमच्या वस्तीला जरा अधिकच लागू पडतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ यांनी १९८८ साली हा दिवस सुरू केला, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने तोच आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून स्वीकारला. वर्धा रोडवर खाली रस्ता, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो असा जो दुमजली पूल आहे, त्याच्या लांबीची २०२२ च्या डिसेंबरमध्ये गिनेसने नोंद केली. ती लांबी आहे ३.१४ किलोमीटर! छत्रपतीनगर, जयप्रकाशनगर आणि उज्ज्वलनगर ही तीन स्टेशनं त्याच पुलावर आहेत. कुणी ठरवून केलं नसणार. पण आमच्या मुलांना पायची किंमत पाठ करायला दुसरा धडा नको. त्या दिवशीचं काम सोपं आहे: घरातले डबे, झाकणं, परात, बांगडी, जे गोल सापडेल त्याला दोरा गुंडाळायचा, मग तोच दोरा मधून आडवा लावून पाहायचा. प्रत्येक वेळी तीनदा बसतो आणि थोडा उरतो. आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये हे उत्तर ३.१४१६ इतकं नेमकं काढलं होतं.

२० मार्चचं पान लिहिताना हलक्याफुलक्या सुरात थांबावं लागलं. या तारखेला संयुक्त राष्ट्रांचा आनंद दिन असतो. भूतानच्या पुढाकाराने २०१२ मध्ये ठराव झाला आणि २०१३ पासून तो पाळला जातो. याच तारखेला जागतिक चिमणी दिनही असतो. पण त्या दोघांच्या कितीतरी आधी, २० मार्च १९२७ ला, महाडमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर चालत गेले आणि त्यांनी त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत हा रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्येच मंजूर केला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळं खुलं असल्याचा ठराव केला होता. कागदावर सगळं झालं होतं आणि तळ्याच्या पाण्याला मात्र अस्पृश्य मानलेल्यांपैकी कुणी हात लावू शकत नव्हतं. तो दिवस घडला तो पायांनी चालून गेल्यावर आणि ओंजळ पाण्यात बुडाल्यावर. आमच्या कसोटीला याहून मोठा दाखला मला सापडला नाही, आणि दीक्षाभूमीच्या शहरात निघणाऱ्या पुस्तिकेत या तारखेला पहिला मान दुसऱ्या कशाला मिळणं योग्यही झालं नसतं. म्हणून त्या पानावर महाड वर आहे, आनंद आणि चिमणी त्याच्या खाली आहेत.

दोनच दिवसांनी, २२ मार्चला, जागतिक जल दिन येतो. तो १९९३ पासून आहे. पेंच आणि कन्हान इथून आपल्यापर्यंत येणाऱ्या पाण्याचा विचार करण्यासाठी आम्ही काम ठेवलं आहे ते गळके नळ शोधण्याचं. महाडची तारीख मनात असेल तर हे काम कुणाला क्षुल्लक वाटणार नाही.

चिमणीविषयी मला थोडं जास्त लिहावंसं वाटतं. चिमणी दिन मराठी माणसाने जगाला दिलेला आहे, हे मनीषनगरातही अनेकांना ठाऊक नाही. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या वतीने त्यासाठी पुढाकार घेतला आणि २०१० साली पहिला जागतिक चिमणी दिन झाला. दोन वर्षांनी दिल्लीने चिमणीला आपला राज्यपक्षी केलं. मराठी घरात बाळाचा पहिला घास चिऊचा असतो, पहिली गोष्ट चिऊच्या मेणाच्या घराची असते, आणि आता त्या बाळाच्या खिडकीत चिऊच येत नाही. कारणं साधी आहेत. कौलारू घरात वाशांच्या फटी होत्या, भिंतीत कोनाडे होते, तसबिरीच्या मागे जागा होती. नव्या इमारतीत सपाट काचा आणि गुळगुळीत भिंती. पूर्वी दारात धान्य निवडलं जाई, आता ते पाकिटात स्वच्छ होऊन येतं. त्याहून मोठी अडचण पिलांची. चिमणी दाणे खाते, पण पिलांना सुरुवातीचे दिवस किडे आणि अळ्याच भरवाव्या लागतात, आणि फरशी घातलेल्या, औषध मारलेल्या अंगणात त्या कुठून येणार?

म्हणून या दिवसाचं काम तीन भागांत आहे. लाकडी खोक्याला सव्वा इंचाचं भोक ठेवून ते छताखाली सावलीत टांगायचं. भोक याहून मोठं झालं तर साळुंक्या येतात. पसरट मातीच्या भांड्यात रोज ताजं पाणी, कारण मार्चनंतरच्या नागपुरी उन्हात पाखरं दुपारी तहानेनं मरतात. आणि अंगणात निदान एक कोपरा फरशीविना, औषधाविना, जास्वंद-मेंदीसारख्या झुडपांचा. तिसरं काम सगळ्यात अवघड आहे, कारण सोसायटीच्या सभेत ‘तिथे पार्किंग करू’ असं म्हणणारे नेहमी जास्त असतात. तरी ते कराच. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजी दर सकाळी जिन्यात हाक घालतात, “काय जी, पाणी ठेवलं का चिमण्यांचं?” त्या हाकेनंतर कुणी नाही म्हणत नाही.

२१ मार्चचा कविता दिन युनेस्कोने १९९९ मध्ये ठरवला. नागपुरात त्याला आपोआप एक चौकट मिळते: आठवडाभर आधी सुरेश भटांची पुण्यतिथी आणि पाच दिवसांनी, २६ मार्चला, कवी ग्रेस यांची. ग्रेस २०१२ मध्ये गेले. एक मैफलीत हजारोंना सोबत घेऊन जाणारा, दुसरा वाचकाला एकट्याने वाट काढायला लावणारा, आणि दोघेही याच शहरात वावरलेले. त्या आठवड्यात रोज एका घरी एक कविता मोठ्याने वाचावी, असं आम्ही सुचवलं आहे. समजली नाही तरी चालेल. ग्रेसांच्या बाबतीत तर पुन्हा वाचायची ती एक सबबच आहे.

२७ मार्चचा जागतिक रंगभूमी दिन १९६२ पासून पाळला जातो. आमच्या पूर्व विदर्भात तो झाडीपट्टीचा निरोप घेत येतो. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांसोबत सुरू होणारा झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम होळीच्या सुमाराला आटोपत येतो. वडसा हे त्याचं केंद्र. तिथल्या कंपन्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावागावांत रात्रभर नाटकं करतात आणि हजारो प्रेक्षक थंडीत शाली पांघरून पहाटेपर्यंत बसतात. रंगभूमी दिनाच्या भाषणात झाडीपट्टीचं नाव निघालं नाही तर ते अर्धंच राहिलं. गोंदियाच्या कुटुंबाने या पानासाठी तिथल्या नाटकांच्या पत्रिका दिल्या आहेत, त्या जरूर पाहा.

काही दिवस कुठल्याच सूचीत सापडायचे नाहीत. कूलर दिन त्यांतला पहिला. होळी जळाली, थंडी पळाली असं म्हणत होळीच्या आगेमागे एका रविवारी सगळं नागपूर गच्चीवर नाहीतर बाल्कनीत असतं. कूलरवरची चादर निघते, टाकी घासली जाते, पंप चालतो का ते पाहतात, वाळ्याच्या नव्या ताट्या बसतात, आणि पहिलं पाणी पडल्यावर जो वास सुटतो त्याला तोड नाही. शेजाऱ्याचा कूलर उचलायला दोन माणसं लागतात, म्हणून हा दिवस आमच्या कसोटीवर पूर्ण गुणांनी उतरला. दुसरा ३१ मार्च. १८६७ पासून हिंदुस्थानचं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि तेव्हापासून हा दिवस कोट्यवधी माणसांच्या अंगात भिनला आहे. बँकेतली, ट्रेझरीतली, सीएच्या ऑफिसातली माणसं त्या रात्री उशिरा घरी येतात. त्यांच्यासाठी जेवण झाकून ठेवणं हे त्या दिवसाचं काम आहे, आणि ते घरच्यांनी आजवर न सांगता केलं आहे. निद्रा दिन खरं तर १ एप्रिलला हवा होता.

वापरण्याविषयी थोडंसं. तारखेचे दिवस पुढच्या भागात क्रमाने आहेत. तिथीचे दिवस मागे वेगळे दिले आहेत, कारण ते सरकतात. चांद्रवर्ष सौरवर्षाहून अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून सण दरवर्षी अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे ढकलले जातात. पाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता, २०२५ मध्ये ३० मार्चला, २०२६ मध्ये १९ मार्चला. तेव्हा आमच्या पानांसोबत भिंतीवरचं कालनिर्णयही उघडं ठेवा. अक्षय्य तृतीयेची भेंडवळची घटमांडणी आणि खानदेशची आखाजी यांत नाहीत. त्या पुढच्या पुस्तिकेत येतील.

मागच्या भागातली शेवटची नोंद चैत्रगौरीची आहे. पाडव्यापासून तिसऱ्या दिवशी गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरपणाला राहते. तोवर सोयीच्या दिवशी हळदीकुंकू करतात. दारात चैत्रांगण काढायचं असतं: सूर्य-चंद्र, तुळस, शंख, कासव, नाग, गौरीची पावलं. अंगण नसलं तरी लिफ्टसमोरच्या दोन फरश्यांत ते बसतं, छिंदवाड्याच्या वहिनींनी गेल्या वर्षी ते काढून दाखवलं. त्याचा नमुना रेषा मोजून छापला आहे. त्याखाली आंब्याच्या डाळीची कृती आहे. डाळ हरभऱ्याचीच घ्या, चार तास भिजवा, पाणी पूर्ण निथळू द्या आणि भरडच वाटा. कैरीचा कीस डाळीच्या निम्मा, पण चाखून. आमच्याकडची कैरी मार्चअखेरीस फार आंबट असते. फोडणी गार झाल्यावरच घाला, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांचा हिशोब करून झाला की त्यात आणखी दोन वाट्या डाळ भिजवा, कारण मुलं मागायला येतातच.